सहा हजार घोड्यांचं इंजिन, मग कसाऱ्याला मागून धक्का कशाला?

प्रश्न: मुंबईहून नागपूरला येताना कसाऱ्याला गाडी थांबली आणि मागून अजून इंजिनं जोडली. पुढे तर डब्ल्यूएपी-७ होतं, ६३५० हॉर्सपावरचं. मग एवढी ताकद असून त्याला एकट्याला घाट का चढवत नाही? – एक वाचक, अजनी

उत्तर: भाऊ, चढवत नाही असं नाही, पण अगदी काठावरचा मामला आहे. हिशोबच करून बघा ना. एलएचबीचे (म्हणजे नव्या पद्धतीचे) २२ डबे, भरलेले, म्हणजे अंदाजे ११०० टन, त्यात इंजिनाचं स्वतःचं १२३ टन धरा. कसारा-इगतपुरीचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, त्यामुळे नुसतं मागे सरकू नये म्हणूनच साधारण ३३ टनांची ओढ लागते. आणि डब्ल्यूएपी-७ ची सुरुवातीची जास्तीत जास्त ओढ किती, तर तीही ३३ टनांच्याच आसपास! हाती काहीच उरत नाही, त्यात पाऊस असला तर चाकं घसरणार ते वेगळंच.

गंमत अशी की इथे हॉर्सपावरचा प्रश्नच नाही. ती कामाला येते सपाटीवर, वर्धा-बडनेऱ्याकडे गाडी पळते तेव्हा. घाटात मोजतात ती ओढ, आणि ती ठरते गिअरवर, वजनावर आणि रुळावर चाकाची पकड किती त्यावर. हे इंजिन मुळात मालगाडीच्या डब्ल्यूएजी-९ वरूनच केलंय, मेन बदल गिअरचा, त्यामुळे वेग १४० पर्यंत गेला पण ओढ कमी झाली, मालगाडीवाल्याची ४६ टनांच्या वर आहे. तुमच्या अजनी शेडमध्ये दोन्ही उभी दिसतील, शेजारी-शेजारी दिसली तर बघून घ्या.

मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावायचं अजून एक कारण, आणि माझ्या मते हेच मोठं: पुढच्या कपलिंगवरचा ताण कमी होतो आणि चुकून मधे गाडी तुटलीच तर मागचे डबे उतारावर पळत सुटत नाहीत.

मुंबईला जाताना हाच घाट उतरायचा असतो, तेव्हा मोटरीच जनरेटर होऊन गाडीला आवरतात आणि ती वीज वरच्या तारेत परत जाते. बँकर बघायचे असतील तर परतीच्याच गाडीत कसाऱ्यापर्यंत जागे राहा.