जुन्या पोकलेनला सेन्सरचा कोड येतोय, ईसीएम बदलू का?

ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, हात लावू नका. निदान आठवडाभर तरी.

तुम्ही लिहिलंय की वीस टनी पोकलेन सेकंडहँड घेतली, तासाभराने इंजिनचा दिवा लागतो, आरपीएम पडतो, किल्ली बंद करून परत चालू केली की ठीक चालते. रेल प्रेशरचा, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचा, सेन्सर नवा टाकला तरी तेच, आणि आता मेकॅनिक ईसीएम गेलाय म्हणतोय. सेन्सर ओरिजिनल घ्यावा की बाजारातला, हेही विचारलंय. हे सगळं मी पैसे मोजून भोगलंय, म्हणून लिहायला बसलो.

आमचं मशीन तेव्हा जत तालुक्यात तलावाचा गाळ काढत होतं. मे महिना. एकदा पाऊस लागला की तलावात मशीन उतरत नाही, त्यामुळे एकेक दिवस मोलाचा. मशीन मी आणि दाजींनी निम्म्या भागीत घेतलेलं. पंधराव्या दिवशी कोड आला, एसपीएन १५७, एफएमआय ४. एसपीएन सांगतो बिघाड कशात, एफएमआय सांगतो कसला. १५७ म्हणजे रेल प्रेशर, ४ म्हणजे व्होल्टेज प्रमाणापेक्षा खाली. लॅपटॉप जोडून कोड वाचणारा मेकॅनिक आला, स्क्रीन दाखवली, सेन्सर गेला म्हणाला. अठ्ठावीस हजार गेले. दोन दिवसांनी पुन्हा तोच कोड, आणि सोबत १०२, म्हणजे बूस्टचा (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेच्या दाबाचा), तोही ४. त्याने बूस्टचाही सेन्सर बदलला. तिसऱ्या दिवशी दोन्ही कोड परत. मग तो ईसीएमवर आला, आणि दाजी म्हणायला लागले की मशीनच सडकं आहे, आपल्याला फसवलं, मिळेल त्या भावात विकून टाक.

दोन सेन्सर एकाच मिनिटाला मरत नाहीत. एवढी साधी गोष्ट लॅपटॉपवाल्याच्या लक्षात आली नाही याचा मला आजही राग येतो. त्या दोन्ही सेन्सरना ईसीएमकडून पाच व्होल्टचा एकच सप्लाय जातो. ती एक तार कुठेही अर्थ झाली, म्हणजे मशीनच्या लोखंडाला टेकली, की त्या सप्लायवरचे सगळे सेन्सर एकदम मेल्यासारखे दिसतात. कोड तुम्हाला सर्किट सांगतो, वस्तू सांगत नाही.

संध्याकाळी काम बंद झाल्यावर मी बूस्ट सेन्सरचा कपलर (वायरिंगचा जोड) काढला, किल्ली ऑन, इंजिन बंद, आणि ऑपरेटरच्या हातात मल्टिमीटर दिला. ४.९८. बरोबर. मग ईसीएमपासून एकेक वीत करत वायरिंग हलवत गेलो. स्टार्टरच्या मागे हात घातला आणि तो ओरडला, "शून्य पॉइंट आठ!" हात सोडला, पुन्हा ४.९८. आत बोटाला काहीतरी टोचलं. टॉर्च लावून पाहिलं तर क्लॅम्पचं रबर गायब, आणि सगळी वायरिंग स्लॅबच्या सळ्या बांधायच्या बाइंडिंग वायरने ब्रॅकेटला आवळून बांधलेली. तीन पीळ दिलेले. इंजिनच्या थरथरीने ती तार इन्शुलेशन कापत आत गेलेली, खाली तांबं चमकत होतं. इंजिन तापून लोडवर थरथरलं की अर्थ, थांबलं की सुटलं.

दुरुस्तीला तार जोडायची, वर स्लीव्ह आणि एक रबरी क्लॅम्प, दोनशे रुपयांच्या आत. तोपर्यंत अकरा दिवस गेले होते.

दाजी अजून म्हणतात की मशीन तसंच आलं होतं. तसं नाही. बाइंडिंगची तार इंजिनजवळ एक पावसाळा काढते तेव्हा गंजून लाल होते. ही कोरी होती. मशीन आणल्याच्या पहिल्या आठवड्यात मी सोलापूरला असताना दाजींनी स्टार्टर खोलून घेतला होता, आणि तेव्हा त्यांच्या घरी स्लॅबचं काम चालू होतं. मी पैसे मागितले नाहीत. चूक कोणाच्याही हातून होते. पण मशीन सडकं होतं असं चार लोकांत सांगू नये. त्यांनी भागी सोडली, मशीन मी ठेवलं, आणि ते आजही चालतंय.

म्हणून तुम्हाला सांगतो, मशीन घेतल्यापासून कोणी काय काय खोललं ते आधी विचारा. घरच्या माणसालाही विचारा. कोड पुसायच्या आधी फोटो काढा, आता चालू कोणते आणि जुने साठवलेले कोणते ते वेगळे लिहा. सकाळी इंजिन थंड असताना किल्ली ऑन करून रीडिंग बघा. रेल प्रेशर आणि ऑइल प्रेशर शून्याजवळ हवं, कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर तार तुटलीय किंवा कपलर सुटलाय. कपलर उघडा, पिन कळकलेल्या भांड्यासारखी हिरवी असेल तर आधी ती साफ करा. विकण्याआधी इंजिन प्रेशरने धुऊन चकाचक करतात, ते पाणी तिथेच बसतं. मग बॅटरी काढून कॅनच्या, म्हणजे मशीनमधले कॉम्प्युटर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या, दोन तारांमध्ये ओहम मोजा, साठच्या आसपास यायला हवा. १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर लागत नाहीये.

मीटरची पिन इन्शुलेशनमध्ये खुपसू नका, कपलरच्या मागून घाला. आणि चालू इंजिनवर रेलचा पाइप सैल करू नका, तिथे दाब १५०० बारच्या वर जाऊ शकतो, डिझेलची धार कातडी फोडून आत जाते.

एक राहिलं. तुमच्या कोडचा एफएमआय तुम्ही लिहिलेलाच नाही. तो ३ (व्होल्टेज प्रमाणापेक्षा वर) किंवा ४ असेल तरच माझं वरचं सगळं लागू. प्रेशर खरोखरच कमी पडतंय असा कोड असेल, तर फिल्टर, डिझेलमधलं पाणी, हवा, पंप, इंजेक्टर हे बघावं लागेल, आणि तिथे लॅपटॉप लागतोच. ईसीएमही कधी कधी जातो, पण सप्लाय, अर्थ आणि वायरिंग तपासून झाल्यावरच त्याचं नाव घ्यायचं.

सेन्सर मी ओरिजिनलच घेतो. पण तुम्ही काढलेला जुना फेकू नका, बहुतेक तो चांगलाच असेल.