संमतीपत्रापेक्षा करारनाम्यातील एक कलम महत्त्वाचे

विक्रोळीच्या कन्नमवारनगरमधील म्हाडा वसाहतीतील एका सभासदाने विचारले आहे की, पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर त्यांनी जिन्यात उभ्या उभ्या सही केली, प्रकल्प अहवाल कधीच पाहिला नाही, आणि आता नकाशात स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते व दोन इमारतींमधले मोकळे अंगण पार्किंगखाली जाते, तर दिलेली संमती मागे घेता येईल का? अशी पत्रे दर महिन्याला येतात आणि बहुतेक सही करून झाल्यावरच येतात, याचे मला वाईट वाटते.

संमती मागे घेण्याच्या खटाटोपात पडू नका. सभासदांची 51 टक्के संमती पूर्ण झाली असेल, तर आपल्या एका सहीने काही अडणार नाही. बहुमताचा निर्णय अल्पमतातील सभासदांवर बंधनकारक असतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे.

निर्णायक आहे ते विकासकाशी व्हायच्या करारनाम्याच्या मसुद्यातील, आपण पत्रात जाता जाता उल्लेखिलेले कलम : ‘आराखड्यात व सदनिकांच्या रचनेत आवश्यक ते फेरबदल करण्याचा अधिकार विकासकास राहील आणि त्यास सभासदांची संमती गृहीत धरली जाईल.’ सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79अ खालील, पुनर्विकासाची कार्यपद्धती सांगणाऱ्या 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयात रहिवाशांच्या सूचनांना खरी जागा आहे ती प्रकल्प अहवालाच्या टप्प्यावर. मंजूर झालेले नकाशे नंतर सभेपुढे येतात ते माहितीसाठी. तो टप्पा आपण दवडलात. संस्थेच्या व्यवस्थापक समितीने अहवाल दिला नाही हे खरे, पण आपणही तो मागितला नाही. आता करारनामा नोंदणीकृत होईपर्यंतच आपल्या म्हणण्याला वजन आहे, आणि फेरबदलाचे ते कलम मसुद्यात तसेच राहिले तर आज दाखवलेला नकाशाही उद्या टिकेलच असे नाही.

म्हणून सभेची वाट न पाहता समितीला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. प्रत्येक सदनिकेचे चटई क्षेत्र, हवा-उजेडाची व्यवस्था व मोकळी जागा दाखवणारा नकाशा करारनाम्याला परिशिष्ट म्हणून जोडावा, आणि यांपैकी काहीही कमी करणारा बदल सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय होऊ नये, अशी दुरुस्ती नेमक्या शब्दांत सुचवा. पत्रावर आठ-दहा सभासदांच्या सह्या असाव्यात. एकट्याच्या पत्राला ‘वैयक्तिक तक्रार’ म्हणून बाजूला सारणे सोपे असते. एक प्रत सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांना द्या. 2018 पासून स्वतःच्या वसाहतींपुरते म्हाडाच नियोजन प्राधिकरण, म्हणजे नकाशे मंजूर करणारी संस्था, आहे, तेव्हा दुसरी प्रत म्हाडाच्या बांधकाम परवानगी कक्षाला द्या. सभेत दुरुस्ती फेटाळली गेली तर आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या.

सहकार न्यायालयात कलम 91 खाली दावा करता येतो, मात्र स्थगिती मिळेलच असे मी सांगू शकत नाही. 79अ खालील सूचना मार्गदर्शक स्वरूपाच्या आहेत असा निवाडा असल्याने केवळ कार्यपद्धतीतील त्रुटीवर भिस्त ठेवू नये. शिवाय तारखांवर तारखा पडत इमारत पाडली गेलेली मी पाहिली आहे. रेराकडेही (स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडेही) पुनर्वसन भागातील, म्हणजे जुन्या घराच्या बदल्यात नवे घर मिळणाऱ्या, सभासदांना सहसा दाद मिळत नाही.

आपली सभा येत्या रविवारी आहे. पत्र गुरुवारपर्यंत समितीच्या हाती पडले पाहिजे, आणि शिक्का मारलेली प्रत आपल्या घरी असली पाहिजे.