कार्टर रोडच्या खडकांवर पहिल्यांदा जाताना

वांद्र्याच्या या किनाऱ्यावर ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांतले समुद्री जीव बघायला जायचं, तर तारीख ठरवायच्या आधी पंचांग बघ. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईत उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणजे पाणी अगदी तळाला जातं ते पहाटे किंवा सांजेला सहाच्या आगेमागे. त्याच्या तासभर आधी पोच आणि उतरत्या पाण्यामागे चालत जा. पाणी वळलं की तूही वळ, मग समोर काहीही दिसू दे.

नवखे लोक फार चालतात. तू एकाच डबक्यापाशी उकिडवा बस, सावली पाण्यावर पडू देऊ नकोस. पाचेक मिनिटांत एखादा "शंख" चालायला लागेल; आत खेकडा असतो. मला सगळ्यात आवडते ती बिनशंखाची समुद्री गोगलगाय. ती शोधूच नकोस, तिची अंडी शोध: खडकाला चिकटलेली, गुंडाळलेल्या फितीसारखी, नखाएवढी. फीत दिसली की वीतभर परिसर सावकाश न्याहाळ.

दगड उलटलास तर तसाच परत ठेव, खालचे जीव उन्हात मरतात. शंकूच्या आकाराचा शंख मात्र कितीही सुंदर असो, उचलायचा नाही. त्याचा डंख विषारी असतो. आणि पायात घट्ट बूट हवेतच, कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात.