सिल्व्हर नायट्रेटला दोष देऊ नका, आधी पाणी पाहा

ताई, सिल्व्हर नायट्रेट बिघडलंय म्हणणारी तुमची पोस्ट वाचून हसू आलं, राग मानू नका. दर्यापूरकडचं ज्युनियर कॉलेज, बारावीची प्रॅक्टिकल्स तोंडावर, आणि ओळखायला दिलेला कोणताही सॉल्ट घ्या, सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पांढरा साका, म्हणजे क्लोराइड असल्याची खूण. बाटली बदलली तरी तेच. हे सगळं मी भोगलंय.

त्याआधी डायल्यूट नायट्रिक ॲसिडच घालताय हे धरून चालतो. हायड्रोक्लोरिक घालत असाल तर मग बोलणंच खुंटलं, त्यातच क्लोराइड असतं.

पाणी बोअरचं ना? आपण पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातली माणसं, इथलं जमिनीतलं पाणीच खारं, म्हणजे क्लोराइडवालं. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, त्याच पाण्यात आपण क्लोराइड शोधतो!

मी अख्खं एक सत्र सिल्व्हर नायट्रेटवर संशय घेत घालवलं. लॅबमधली सगळ्यात महाग बाटली, अशा दोन वाया गेल्या. खरं तर लेड नायट्रेट कधीचं सांगत होतं. चांगल्या पाण्यात ते निवळ विरघळतं, आमच्याकडे चिमूटभर टाकलं की ट्यूबमधलं पाणी ताकासारखं व्हायचं. मी पोरांवर ओरडायचो, "ट्यूब नीट धुवा रे!" आणि पोरं बिचारी त्याच नळाखाली पुन्हा धुवून आणायची.

उमगलं तेव्हा डिस्टिल्ड वॉटर मागितलं. मंजुरी जिथून यायची त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथले बाबू म्हणाले, "पान्याले पैसे? बोअर हाये ना तुमच्याकडं?" अर्ज तीनदा परत आला. एकदा तर 'पाणीपुरवठा विभागाकडे मागणी करावी' असा शेरा मारून! त्या वर्षीच्या पोरांनी परीक्षेत काय लिहिलं असेल, विचारू नका.

तर उद्या ब्लँक करा. सॉल्ट न टाकता नुसतं पाणी, थोडं नायट्रिक, दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट. ढवळं झालं की चोर सापडला. बेरियम क्लोराइडनेही पाहा, सल्फेट तिथंच निघेल. कॅल्शियम-मॅग्नेशियमही याच पाण्यातून घुसतात, म्हणून धातू ओळखायच्या टेस्टमधला पाचवा गट (कॅल्शियमचा) आणि सहावा (मॅग्नेशियमचा) फसतो. सोडा एक्स्ट्रॅक्ट (सॉल्ट सोडियम कार्बोनेटबरोबर उकळून गाळलेलं पाणी) करत असाल तर सोड्याचाही ब्लँक घ्या, हलक्या सोड्यात क्लोराइड असतं.

ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिळतं, त्यावर आमचं भागलं. पण प्रत्येक कॅन तपासून घ्या, काही जण फिल्टरचंच पाणी भरून विकतात. आरओवर माझा भरवसा नाही, आमच्याकडे धूसर यायचंच. ट्यूब नळाखाली धुवा हरकत नाही, शेवटची खळखळ मात्र चांगल्या पाण्याची. आणि ब्राउन रिंगसाठी, म्हणजे नायट्रेटच्या टेस्टसाठी, फेरस सल्फेटचं द्रावण त्याच दिवशी करा. पिवळसर पडलेलं वापरून रिंग येत नाही म्हणून रडणारे मी लई पाहिलेत.

मी निवृत्त लॅब असिस्टंट, प्राध्यापक नव्हे. तुमच्या सरांचं मत वेगळं असलं तर त्यांचं ऐका, पण ब्लँक करूनच वाद घाला. आणि तोवर सिल्व्हर नायट्रेटची नवी बाटली फोडू नका. बोटांवर सांडलं तर काळे डाग आठवडाभर निघत नाहीत, घरचे विचारतात मेंदी कुठं लावली म्हणून.