उघडा उतार आणि पहिला पाऊस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात डोंगरउतारावर घर बांधतो आहोत. जोतं झालं आहे. खालच्या अंगाला तीनेक गुंठे भरावाचा उतार उघडा आहे. गेल्या वर्षी त्यावर गवताचं बी फेकलं होतं. पहिल्याच मोठ्या पावसात बी आणि माती शेजाऱ्यांच्या भातखाचरात गेली. यंदा काय करावं?

उत्तर : बी रुजून मुळांनी माती धरायला महिना-सव्वा महिना लागतो आणि कोकणातला पाऊस तेवढं थांबत नाही. तो महिना आच्छादनच निभावून नेतं. म्हणून बी आणि पेंढा एकाच दिवशी पडायला हवा.

त्याआधी वरचं पाणी वळवा. पागोळ्यांचं किंवा वरच्या डोंगराचं पाणी भरावावरून वाहत असेल, तर खाली काहीही टिकणार नाही. माथ्यावर फूटभर खोल चर काढा आणि पाणी दगड रचलेल्या वाटेने बाजूने उतरवा.

मग चढ मोजा. एक मीटर उंचीला दोन मीटर पसारा असेल, तर बी-पेंढ्यावर भागतं. त्याहून उभ्या उताराला काथ्याची जाळी लागते. जेसीबीने तासलेल्या सरळ दरडीवर मात्र बियाणं वाया घालवू नका. तिथे भिंतच हवी, तीही पाणी निघायला भोकं ठेवून.

जेसीबीवाले बकेटच्या पाठीने उतार चोपून गुळगुळीत करून देतात. त्यांना तसं करू देऊ नका. चोपलेल्या मातीवरून बी घरंगळतं आणि पाणी वेग घेतं. कुदळीने चार बोटं खोल ओरखडे काढा, पण आडवेच. उभा ओरखडा म्हणजे आयता ओहोळ. पाया खणताना वरची माती वेगळी ठेवली असेल, तर तिचा दोन-तीन इंच थर द्या. जांभ्याखालच्या पिवळट-गुलाबी मऊ मातीत फारसं काही रुजत नाही.

गुंठ्याला नाचणी २५० ग्रॅम, ताग २०० ग्रॅम आणि स्टायलो (चाऱ्याचं एक द्विदल झुडूप) २०० ग्रॅम घ्या. स्टायलोचं कवच टणक असतं, म्हणून ते बी काही मिनिटं कढत (उकळत्या नव्हे) पाण्यात ठेवून सुकवा. सगळं कोरड्या वाळूत मिसळून अर्धं उभं, अर्धं आडवं फेका. नाचणी-ताग आठवड्यात वर येतात, स्टायलो मागून येतं आणि पुढची वर्षं टिकतं. ताग फुलावर आला की कापून तिथेच आडवा पाडा. ओरखड्यांत वीतभर अंतराने हरळीच्या दोन-तीन पेरांच्या काड्याही दाबा. हे सगळं मृगाआधीच्या आठवड्यात उरका.

पेंढा गुंठ्याला ५० किलो. अंथरल्यावर वरून पाहताना पाव भाग माती दिसली पाहिजे. बहुतेकांची चूक होते ती जाड थर घालण्यात. आठव्या दिवशी पेंढा बोटांनी बाजूला करा. कोंब हिरवे आणि आखूड असतील तर ठीक. पांढरे, लांबट दिसले तर थर लगेच विरळ करा, नाहीतर ते कुजतील. पेंढ्यावर मीटर-मीटरवर खुंट्या ठोकून तिरका सुंभ ताणा. गिरिपुष्पाच्या ओल्या खुंट्या घेतल्यात तर त्याही रुजतील. जोत्याजवळ मात्र दोन फूट जागा मोकळी सोडा, नाहीतर पेंढ्यामागून वाळवी घरात शिरेल.

प्रश्न : जुलै लागला, पेरायचं राहून गेलं. आता काही होईल का?

उत्तर : आता बी वाहूनच जाईल. वाळ्याची ठोंबं आणा. उंची मीटरभर उतरली की एक, अशा आडव्या ओळींत चार ते सहा इंचांवर ती लावा आणि मधल्या जागेत पेंढा घालून जाळीने दाबा. ठोंबांत फट ठेवू नका, पाणी नेमकं तिथूनच फुटतं.

ओहोळ पडले असतील तर त्यांत पेंढा कोंबू नका, तो तासाभरात वाहून जातो. मातीने भरलेल्या गोणी आडव्या ठेवा. दोन्ही टोकं उंच आणि मध्य खोलगट राहू द्या, म्हणजे पाणी मधूनच सांडेल आणि कडा खाणार नाही. वरच्या गोणीचा पाया खालच्या गोणीच्या माथ्याच्या पातळीत येईल, इतकं अंतर ठेवा.

प्रश्न : पेंढा मिळाला नाही तर लाकडाचा भुसा किंवा सागाची पानं चालतील का?

उत्तर : उतारावर नाही. भुसा पाण्यावर तरंगत खाली जातो, पानं वाऱ्याने उडतात. जुनी गोणपाटं उसवून खुंट्यांनी ताणून बसवा. कोंब त्यांच्या विणीतून वर येतात.