परदेशात गेल्यावर माझा अनुभव पुसला जाईल का?

ठाण्यात समुपदेशन करताना परदेशी जाऊ पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्ट तरुण-तरुणींकडून एक भीती मी वारंवार ऐकते. इथली पदवी आणि नोकरीची वर्षे तिकडे कोणी जमेस धरणार नाही, असे त्यांना वाटत असते. ऐरोलीच्या एका तरुणीने (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) ती अगदी स्पष्ट बोलून दाखवली. इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचे बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी), नंतर रुग्णालयात अस्थिरोग आणि अतिदक्षता विभागातले काम, आणि आता पतीची इंग्लंडला बदली. "तिकडे मदतनीस म्हणूनच राहायचे, तर इथली नोकरी सोडतेस कशाला, असे सासरे विचारतात," हे सांगताना तिचा आवाज कापरा झाला.

ब्रिटनमध्ये 'फिजिओथेरपिस्ट' हे पदनाम कायद्याने संरक्षित असून हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल या नियामक संस्थेकडे नोंदणी झाल्याशिवाय ते लावता येत नाही. त्यामुळे नोंदणी होईपर्यंत काहीजण थेरपी असिस्टंटचे काम पत्करतात आणि त्यावरून पदवीच कमी प्रतीची ठरली, असा समज घरोघरी पसरतो. हा समज मला फार घातक वाटतो. कौन्सिल अर्जदाराचे शिक्षण आणि अनुभव आपल्या प्रावीण्याच्या निकषांशी ताडून पाहते, आणि उणीव राहिलीच तर देखरेखीखाली काही काळ काम करून किंवा चाचणी देऊन ती भरून काढता येते. ऑस्ट्रेलियात लेखी आणि प्रत्यक्ष रुग्णतपासणीची परीक्षा असते, म्हणजे मार्ग वेगळा आहे. ब्रिटनच्या अर्जात अनुभवाला निश्चित वजन आहे, मात्र तो कागदावर दिसावा लागतो.

तिने अर्जाचा कच्चा मसुदा आणला होता. त्यातला जवळजवळ प्रत्येक परिच्छेद 'सर्जनच्या सल्ल्यानुसार' या शब्दांनी सुरू होत होता. मी तो बाजूला ठेवून लक्षात राहिलेल्या एका रुग्णाबद्दल विचारले. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी ती एका आजींना चालवायला गेली, तेव्हा त्यांची एक पोटरी सुजलेली आणि गरम लागली, दाबल्यावर आजी कळवळल्या. तिने चालवणे थांबवले, शिरेत गुठळी झाली असावी ही शंका लगेच डॉक्टरांना कळवली, आणि डॉपलर तपासणीत (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) ती खरी निघाली.

"हे अर्जात का नाही?"

"त्यात काय लिहायचे, मॅडम? ते तर करावेच लागते."

आपल्या वॉर्डांत वरिष्ठांचे नाव पुढे ठेवण्याची शिस्त इतकी मुरलेली असते की स्वतः घेतलेला निर्णयही माणूस स्वतःचा म्हणत नाही. ब्रिटनमध्ये मात्र काही ठिकाणी जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात सांधे-स्नायूंच्या दुखण्याचा रुग्ण डॉक्टरांच्या आधी थेट फिजिओथेरपिस्टकडेच येतो, त्यामुळे तिथल्या नियामकाला अर्जदाराने काय पाहिले, काय ठरवले आणि का ठरवले, हे कळायला हवे असते.

पुढच्या भेटींत आम्ही तिचे असे प्रसंग तिच्याच शब्दांत लिहून काढले. विषयवार तासांसह अभ्यासक्रमाचा तपशील तिने महाविद्यालयाकडून मागवला. असिस्टंटच्या नोकरीविषयी मात्र मी तिला होकार किंवा नकार सुचवला नाही. कौन्सिलचे उत्तर येईपर्यंत तिथल्या रुग्णालयाची कामाची पद्धत आणि नोंदी ठेवण्याची रीत शिकण्यासाठी ती नोकरी करीन, असे तिनेच ठरवले आणि सासऱ्यांनाही तसेच सांगितले.