वाचकांचे प्रश्न : जैवतंत्रज्ञानाचे बियाणे आणि घरची ज्वारी

प्रश्न : आमची अंबड तालुक्यात कोरडवाहू शेती आहे. बीटी कपाशी आल्यापासून आमच्याकडे ज्वारीचा पेरा घटत गेला आणि आता भाकरीसाठी ज्वारी विकत घ्यावी लागते. जैवतंत्रज्ञानामुळे गरीब देशांचा अन्नप्रश्न सुटेल असे वाचनात येते. ते कितपत खरे मानावे?
– एक वाचक, जि. जालना

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे. बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारक असे जिवाणूचे जनुक घातलेल्या कपाशीला, आपल्या देशात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि तिच्यामुळे हिरव्या बोंडअळीचा उपद्रव खरोखरच आटोक्यात आला, हे मान्य केले पाहिजे. गुलाबी बोंडअळी मात्र आपल्याकडे जवळजवळ कपाशीवरच जगते. लांब मुदतीचे संकरित वाण आणि पाण्याची सोय असेल तेथे घेतलेली फरदड (वेचणीनंतरही शेतात राखलेले कपाशीचे पीक) यांमुळे तिला महिनोन्महिने खाद्य मिळत राहिले, शिवाय बीटीला न सरावलेल्या अळ्याही टिकून राहाव्यात म्हणून कडेने बिगर-बीटी कपाशी लावण्याचा नियमही फारसा पाळला गेला नाही. परिणामी ती बीटीला दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात तिने मराठवाड्यातील कपाशीची कशी नासाडी केली, ते आपण पाहिलेच आहे.

माझ्या मते यात जनुकाइतकेच महत्त्व ते कोणत्या बियाण्यात घातले, याला आहे. आपल्याकडे बीटी प्रामुख्याने संकरित बियाण्यातून आले, आणि संकरिताचे गुण पुढच्या पिढीत टिकत नाहीत, म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. बांगलादेशाने २०१३ मध्ये बीटी वांग्याला परवानगी दिली, तेव्हा तेथील सरकारी कृषी संशोधन संस्थेने कपाशीत वापरलेले तेच जनुक सरळ वाणांत आणले. त्यामुळे शेतकऱ्याला घरचे बी राखता येते. भारतात बीटी वांग्याचा निर्णय फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगित झाला.

आता ज्वारीविषयी. कपाशीचे पैसे हाती आले नाहीत, तर धान्याबरोबर जनावरांसाठी कडबाही विकत घ्यावा लागतो, आणि हा दुहेरी खर्च कपाशीचा हिशेब मांडताना सहसा धरला जात नाही. रेशनच्या गहू-तांदळाने पोट भरते, पण गोठ्याची सोय होत नाही. अन्नसुरक्षेसाठी प्रत्येक वेळी परके जनुकच घालावे लागते, असेही नाही. ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्था आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ यांनी २०१८ मध्ये पुढे आणला, तो नेहमीच्या पैदास पद्धतीने. त्याच्या एक किलो दाण्यात सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असते. तुरीत बदनापूरच्या संशोधन केंद्राचा ‘बीडीएन ७११’ लवकर तयार होतो, त्यामुळे परतीच्या पावसाने पाठ फिरवली तरी काही तरी पदरात पडते. अशा कामाला सरकारी संस्थांतून पुरेसा पैसा मिळायला हवा, असे मला कळकळीने वाटते.

आपण ‘परभणी शक्ती’ घेणार असाल, तर तो खरिपाचा वाण आहे आणि काढणीच्या वेळी पाऊस लागल्यास दाणा काळा पडतो, हे ध्यानात ठेवून पहिल्या वर्षी थोड्याच क्षेत्रावर पेरावा. बियाण्यासाठी शेताच्या मधल्या भागातील कणसे निवडावीत, कारण कडेच्या कणसांत शेजारच्या ज्वारीचे पराग मिसळण्याचा संभव अधिक असतो.